टाकीकाका

डोंबिवलीच्या प्रत्येक सोसायटीत एक गाणारे काका असतात, एक ट्रेकवाले असतात. हल्ली तिसरा प्रकार दिसू लागलाय, टाकीकाका. हे तारकर्लीला सहलीला जातात, तोंडात नळी धरून चार मासे बघतात आणि कामातून जातात. मग तिथल्याच एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर कोर्स, 18 मीटरपर्यंत उतरायचं कार्ड, आणि शेवटी कुणाची तरी वापरलेली ॲल्युमिनियमची टाकी.

टाकीची खरं तर गरज नसते, मालवणला डायव्हिंगवाले देतातच. पण काकांना बुडी मारण्यापेक्षा टाकी सांभाळण्यात गोडी. पावसाळ्यात बुड्या बंद, सांभाळणं बारमाही.

गॅलरीत ऊन, स्वयंपाकघरात शेगडी, हॉलमध्ये नातू. म्हणून टाकी बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाटाला पट्ट्याने आवळून उभी. वहिनींचं शिवणयंत्र त्यापायी पॅसेजमध्ये गेलं. एकदा गॅसवाला पोरगा "काका, हा रिकामा नेऊ का?" म्हणत पुढे झाला. काकांनी त्याला बसवलंच. ही टाकी पूर्ण रिकामी कधी करायची नसते, थोडा दाब ठेवावा लागतो, नाहीतर आपली दमट हवा आत शिरते आणि धातू खाते. पोराला अजून चार मजले चढायचे होते.

यांच्यापुढे 'ऑक्सिजनची टाकी' म्हणू नये. आत साधी हवा असते, आपण घेतो तीच, फक्त 200 बारला दाबलेली. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात हे कळल्यावर खालच्या मजल्यावरच्यांनी सभेत विषय काढला. 2016च्या एमआयडीसीतल्या स्फोटाचा हादरा अनुभवलेली माणसं ती, त्यांना हसण्यात अर्थ नाही. काका गॅस सिलिंडर नियमावलीची प्रत घेऊनच आले. टाकीच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख मोबाइलवर मोठी करून दाखवली आणि विचारलं, "तुमच्या शेगडीच्या नळीवरची तारीख कुणी बघितलीय?" सभा तिथेच संपली. त्या रात्री अख्खी इमारत ओट्याखाली टॉर्च मारत होती.

मालवणला जाताना वहिनी ठाण्याहून कोकणकन्येने कुडाळला जातात. रेल्वेत भरलेलं सिलिंडर नेता येत नाही, त्यामुळे गाडीत काका आणि टाकी. टाकी डिकीत आडवी, नव्या नवरीसारखी गोधडीत बसवलेली, झडपेला टोपी, दोन्ही बाजूंना लोड, वरून पट्टा. शिळफाट्याच्या कोंडीत काका एसी वाढवतात तो टाकीसाठी. 27 अंशांना 200 बार असलेली टाकी 57 अंशांना 220 होते, हे त्यांनी टोलवरच्या माणसालाही सांगून झालंय. स्पीडब्रेकरवर ते गाडी अशी उतरवतात की मागचे रिक्षावाले त्यांच्या आईवडिलांची चौकशी करतात.

किनाऱ्यावर बोटवाला हसतो. "काकानू, टाकी आमी देतंव मां! ही कित्याक हाडलात?"

काका उत्तर देत नाहीत. चष्मा लावून बोटीतल्या टाक्यांपाशी उकिडवे बसतात आणि एकेकीच्या खांद्यावरची तारीख वाचू लागतात. तिसऱ्या टाकीवर तारीख पुसट असते. ती ते बाजूला काढायला लावतात. चौथीच्या झडपेचं रबर बदलायला सांगतात. तोवर बॅचमधली बाकी मंडळी दुसऱ्या बोटीने जाऊन, मासे बघून, फोटो काढून, सोलकढी प्यायलासुद्धा बसलेली असतात.