कॉव्हेंट्री घराणं

हेरल्डकर हे आडनाव नव्हे. कुलकर्णी, बागूल, पाटील, शहा, कुणीही हेरल्डकर होऊ शकतो. अट एवढीच की दारात ताडपत्रीखाली एक स्टँडर्ड हेरल्ड उभी असावी आणि ती साधी हेरल्ड नाही असं मालकाचं ठाम मत असावं.

गंगापूर रोडला आमच्या गल्लीत जे हेरल्डकर आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. लग्नाच्या मांडवात एखादी आजी जशी नवख्या मुलाचं गाव, गोत्र, आजोळ विचारत विचारत शेवटी स्वतःच्या नणंदेपर्यंत नातं आणून भिडवते, तसं नाना गाडीचं नातं काढतात.

"1959 साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फनं हेरल्ड काढली. रूप कुणी दिलं? तुरिनच्या मिकेलोत्तीनं. बरं. 1962 साली तिचीच चॅसी थोडी आखूड करून स्पिटफायर काढली. दोघांना बसायला जागा, वर कापडी टप, अस्सल स्पोर्ट्‌स कार. रूप कुणाचं? मिकेलोत्तीचंच! म्हणजे धाकटी बहीण झाली की नाही? आता धाकटी स्पोर्ट्‌स कार असताना थोरली काय टॅक्सी असेल?"

आपली हेरल्ड मद्रासला बनली, हे नाना नाकारत नाहीत. जन्म मद्रासचा, घराणं कॉव्हेंट्रीचं, एवढंच ते सांगतात. साठच्या दशकात या देशात गाडी घ्यायची म्हणजे अँबॅसिडर, फियाट नाहीतर हेरल्ड. फियाट का घेतली असं कुणी कुणाला विचारत नसे. हेरल्डवाल्याला मात्र हटकून विचारत, आणि माझा असा संशय आहे की तो प्रश्न यावा म्हणूनच ती घेतली जाई.

इंजिन 948 सीसीचं. कसारा घाटात मालाचे ट्रक हात करून पुढे निघून जातात. नानांच्या मते तो आदर असतो. 1965 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत स्पिटफायर आपल्या वर्गात पहिली आली. नाना ते सांगतात ते असं : "पासष्टला आपण पहिले आलो."

एका बाबतीत मात्र नानांचा अभिमान खरा आहे. हेरल्ड पंचवीस फुटांत पुरी वळते. रविवार कारंजावर जिथे इतर गाड्या तीनदा मागेपुढे करून रिक्षावाल्यांच्या शिव्या खातात, तिथे नाना एका फटक्यात गाडी फिरवून मिशीवर हात फिरवतात. एवढ्याच जागेत लंडनची टॅक्सीही वळते, असं मी एकदा म्हणालो. त्यानंतर आठवडाभर नाना माझ्याशी बोलले नाहीत.

तर अशा या गाडीच्या स्टिअरिंगला प्ले आला. आधी दोन बोटं, मग चार. जेहान सर्कलला फिरवलेलं स्टिअरिंग चाकांना कळेपर्यंत सर्कल संपायला येई. द्वारकेजवळच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. हेरल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं तोंडच पुढच्या बाजूला उलटतं आणि माणूस पुढच्या टायरवर बसून आरामात काम करू शकतो. मिस्त्रींनी आत बोट घातलं आणि काळा भुगा बाहेर काढला. स्टिअरिंगचा दांडा आणि खालचा रॅक यांच्यामध्ये एक रबरी कपलिंग असतं. रस्त्याचे हादरे हातापर्यंत येऊ नयेत आणि दोन दांडे जरा तिरके असले तरी चालावं, म्हणून ही सोय. जन्मभर इंजिनचं तेल पिऊन आणि उष्णता खाऊन त्याचा जीव गेला होता.

"नाना, कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कापून टाकतो. दहा वर्षं बघायला नको."

नानांचा चेहरा पडला नाही, उजळला. कारण घरी त्यांनी पार्टांची यादी आधीच काढली होती आणि त्यात कपलिंगसमोर लिहिलं होतं : हेरल्ड, व्हिटेस, स्पिटफायर, जीटी-6. चौघींना एकच कपलिंग! जे नातं सांगताना इतकी वर्षं लोक तोंड फिरवून हसत होते, त्याचा आता छापील दाखला मिळाला होता. बेल्टचा तुकडा घालणं म्हणजे हातात आलेला दाखला नदीत सोडणं. कपलिंग विलायतेचंच येणार!

भाच्याच्या ऑफिसातली एक मुलगी बर्मिंगहॅमहून सुट्टीवर यायची होती. जाताना ती नाशिकचा चिवडा घेऊन गेली होती, त्या उपकारापोटी येताना तिनं कपलिंग आणलं. ते पाकीट घेऊन नाना गल्लीत दारोदार फिरले आणि घरोघरी पेढा दिला.

"अहो, रबर आहे ते," वहिनी म्हणाल्या. "गॅसची नळी मीही बदलते. पेढे नाही वाटत."

बदलायचं काम अर्ध्या दिवसाचं, पण नानांनी ते रविवारभर पुरवलं. चाकं सरळ करा, दांड्यावर खडूची खूण करा. क्लॅम्पचा बोल्ट नुसता ढिला करू नका, सबंध बाहेर काढा, तो दांड्याच्या खाचेत बसलेला असतो. आणि खबरदार, तेरा नंबरचा पाना लावाल तर! इथले नट इंचाचे. अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा नंबर बसल्याचं सोंग करतो आणि जोर लावला की कडा गोल करून सटकतो. मिस्त्री हे सगळं ऐकत होते, म्हणजे विडी ओढत होते. त्यांनी हे काम फियाट आणि जीपवर हयातभर केलेलं. इतकं मार्गदर्शन होऊनही कपलिंग एक दाता चुकून बसलं. गाडी सरळ कॉलेज रोडला निघाली, स्टिअरिंग त्र्यंबककडे वळलेलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा बसवलं.

आता गाडी रेषेत चालू लागली. फक्त हॉर्न वाजेना.

नाशिकमध्ये एक वेळ ब्रेक नसला तरी माणूस घरी पोहोचतो, हॉर्नशिवाय कठीण. सराफ बाजारातून येताना नानांना खिडकीतून डोकं काढून "ओ ताई! ओ भाऊ!" असं ओरडत यावं लागलं. लोकांना वाटलं भंगारवाला आला. दोघींनी वरून रद्दीचा भाव विचारला. नानांनी फ्यूज बदलला, हॉर्न बदलला, बटण उघडून घासलं. शेवटी मिस्त्रींनीच विचारलं, "जुन्या कपलिंगवर एक वायर होती ना?"

होती. हॉर्नचं बटण दाबलं की वीज स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली उतरून गाडीच्या पत्र्यात जाते. मध्ये रबर आलं की ती अडते. म्हणून कंपनीनं रबराला वळसा घालून एक वीतभर वायर दिलेली असते. ती जुन्या कपलिंगला तशीच चिकटून होती आणि जुनं कपलिंग नानांनी आठवण म्हणून शोकेसमध्ये, सातपूरच्या निरोप समारंभातल्या ढालीशेजारी ठेवलं होतं. वायर काढली, लावली, हॉर्न वाजला. मग तो इतका वाजला की समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली.

परवा गेलो तर कपलिंगचं पाकीट काच लावून भिंतीवर आलेलं. नाना जीटी-6 या अक्षरांवर बोट ठेवून उभे.

"ही सहा सिलिंडरची, बरं का. म्हणजे तिकडेही आपली भाऊबंदकी आहे."

"नाना, आपल्या गाडीला चारच आहेत."

"असतील. आमच्या आजोबांना बारा मुलं, मला एक. म्हणून मी काय घराण्यातून बाद झालो?"