एफ नावाची कनकी

देवघर आणि तांदळाची कोठी यांच्यामधे आमच्या घरात एक कोनाडा आहे. कंप्युटर यात मावला तर आणायचा, नाहीतर नाही, एवढीच बायकोची अट. तिने माप घ्यायला फूटपट्टीही आणून दिली. मावणारा मदरबोर्ड सापडला: मिनी आयटीएक्स, १७ सेंटिमीटरचा चौकोन, वितीपेक्षाही लहान. पेटीही त्याच बेताची, लाडवाच्या डब्याएवढी. राहिला प्रोसेसर.

त्यात माझे तीन आठवडे गेले. रायझन ५६०० जी मनात भरला. सहा कोअर, पडद्यावर चित्र दाखवायची सोय आतच. खिसा चाचपला आणि मनातून काढला. ३२०० जी परवडत होता, पण तो २०१९ चा. शेवटी इंटेलच्या आय-थ्री १२१०० वर आलो. चार कोअर, आठ थ्रेड, मूळ मर्यादा ६० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गोंदियात लाडवाच्या डब्यात याहून मोठी शेगडी कोण पेटवणार?

आणि त्याच्याच शेजारी होता १२१०० एफ. सगळं तेच, वर हजारभर रुपयांनी स्वस्त. आपल्याकडे नावापुढे अक्षरं वाढली की माणसाचा भाव वाढतो. इथे अक्षर वाढून भाव उतरला होता. तिथेच शंका यायला हवी होती. मी मात्र एफ म्हणजे फास्ट, असं परस्पर ठरवून टाकलं.

पार्सल आलं. कोपऱ्यातला बारीक त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद बसवला, दांडी दाबली. दाबताना असा करकर आवाज आला की पैसेच मोडताहेत असं वाटलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. वायर बदलली, काळा. रॅम काढून पुसून लावली, काळा. बायकोने देवापुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर तेवढा त्यात छान दिसत होता.

आमचे सासरे, मामाजी, शेजारीच सुपारी कातरत बसले होते. जन्म राइस मिलमध्ये मुनिमीत गेलेला. "काहून जी, चित्र नाही येत?"

तोवर मी मोबाइलवर शोधून मोकळा झालो होतो. "मामाजी, हा एफ आहे. यात ग्राफिक्स चालत नाही."

"नसतेच, का बंद केलं?"

असा नेमका प्रश्न मला तीन आठवड्यांत सुचला नव्हता. मग वाचलं ते सांगितलं. सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच साच्याच्या शेकडो चिपा उमटतात. मग प्रत्येकीची तपासणी. जिचा जो भाग कमी पडला तो बंद करायचा आणि खालच्या नावाने विकायची. आमचा हा चार कोअरवालाही मुळात सहाचाच, दोन बंद केलेले. कधी धडका भागही बंद करतात, कारण खालच्या भावाचं गिऱ्हाईकही लागतंच.

मामाजींचा अडकित्ता थांबला. "म्हणजे आमची मिलच हाय ना बापा! धान एकच. अख्खा दाणा एका पोत्यात, कनकी दुसऱ्यात. फक्त आमचा सेठ उलटं करे, कनकी अख्ख्यात मिसळे."

१२१०० हा आकडाही त्यांना नवा वाटला नाही. "आमच्यात १०१० हाय, १००१ हाय. एचएमटी तर घड्याळाचं नाव." तेही खरंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेल्या त्या बारीक धानाला घड्याळाचंच नाव पडलं.

एफला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. लाडवाच्या डब्यात कार्ड काय, वेलदोडाही मावला नसता. शेवटी मोठ्या कॅबिनेटवाल्या भाच्याने एफ घेतला, पाचशे कमी देऊन. वर "मामा, फास्ट आहे" असं मलाच सांगितलं. मी बिनअक्षराचा १२१०० आणला. वाचवलेले हजार असे दीड हजाराला पडले.

आता पडदा उजळतो. परवा भर दुपारी वीजबिल भरत होतो. मामाजींनी डब्यावर हात ठेवला आणि चटकन काढला.

"गरम होऊन राहिला जी."

"चालतं तेवढं, मामाजी."

"चालतेच. उष्णा केलेला दाणा मोडत नाही," ते म्हणाले, आणि पाणी घालायला कुलरकडे गेले.