ऋण चिन्हास अनावृत पत्र

महाशय,

तुमच्या पराक्रमांचा पाढा जाहीरपणे वाचायची वेळ आली आहे.

दोन इलेक्ट्रॉनांनी जागा बदलल्या की तुम्ही त्यांच्या तरंगफलनापुढे येऊन उभे राहता. त्यामुळेच दोन इलेक्ट्रॉन एका अवस्थेत बसत नाहीत, द्रव्य स्वतःत कोसळत नाही आणि कल्याण स्टेशनचा फलाट आमच्या पायांखाली घट्ट राहतो. हे उपकार मान्य. पण त्यांची जी वसुली तुम्ही संगणकावर चालवली आहे, ती सावकारालाही लाजवील.

१९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिवाहकता, म्हणजे विरोधाविना वीज वाहणं, सापडली. पुढच्याच वर्षी तसला एक पदार्थ ९३ केल्विनला, द्रव नायट्रोजनच्या तापमानाहून वर, अतिवाहक झाला. का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. जाळीवरच्या इलेक्ट्रॉनांचं हबर्ड यांचं साधं प्रारूप १९६३ पासून हाताशी आहे. पण परस्परांत गुंतलेल्या नुसत्या ५० फिरक्यांची (स्पिनांची) अवस्था लिहायला २ चा ५० वा घात, म्हणजे ११०० लाख कोटींहून जास्त संख्या लागतात. म्हणून मॉन्टे कार्लो पद्धत: सगळ्या शक्यता न मोजता वजनाप्रमाणे नमुने उचलायचे. त्यासाठी वजन धन हवं, आणि तुम्ही नेमके तिथेच घुसता. धन ढीग प्रचंड, ऋण ढीग प्रचंड, उत्तर दोघांच्या चिमूटभर फरकात. फूलबाजारातून निघालेला ट्रक दोनदा काट्यावर चढवून त्याच्या आरशावरच्या झेंडूच्या माळेचं वजन काढायचं, तसं. जाळी मोठी केली किंवा तापमान उतरवलं की लागणारा वेळ घातांकी वाढतो.

सर्वांत झोंबतो तो तुमचा नेम. चौरस जाळीवर जागेमागे एक इलेक्ट्रॉन असताना, इलेक्ट्रॉन फक्त शेजारच्या जागी उड्या मारत असतील तर, तुम्ही गुमान बाजूला होता. पण तेव्हा पदार्थ विद्युतरोधक असतो. त्यातून थोडे इलेक्ट्रॉन काढले, जिथे अतिवाहकता जन्मते तिथे गेलं, की तुम्ही हजर!

२००५ मध्ये ट्रॉयर आणि वीझे यांनी दाखवून दिलं की तुमच्यावर सरसकट उपाय सापडला, तर संगणकशास्त्रातले ‘एनपी’ वर्गातले सगळे कठीण प्रश्नही झटपट सुटतील. म्हणजे तो बहुधा नाहीच. पुण्याच्या आयसरमधला महासंगणक ‘परम ब्रह्म’ सुरुवातीला सेकंदाला ७९७ लाख कोटी क्रिया करू शकत होता. तो दुप्पट केला तरी जाळीत मोजक्याच जागा वाढतील. यंत्रांच्या उद्घाटनांना तुम्ही भीत नाही.

भीता ते प्रश्नाची निवड आणि मांडणी बदलणाऱ्या माणसांना. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये एकमितीय साखळ्यांसाठी नमुने घेणंच सोडलं आणि गुंत्यातला महत्त्वाचा भाग तेवढा राखला. तिथे तुमचं काही चाललं नाही. रुंद पट्ट्यांवर मात्र गुंताच वाढतो आणि ती पद्धत थकते. २००५ मध्येच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दारियुश हैदरियन आणि केदार दामले यांनी त्रिकोणी जाळीवरचे बोसॉन, म्हणजे जागा बदलल्या तरी तुम्हाला न बोलावणारे कण, घेतले. उड्यांची चिन्हं अशी की प्रत्येक वजन धन. तुम्हाला शिरकावच नव्हता. स्फटिकाची मांडणी आणि घर्षणाविना वाहणं एकाच अवस्थेत नांदताना दिसलं. इतर गटांनीही त्याच वर्षी तेच पाहिलं.

म्हणून यंत्रांइतकेच पैसे अशा माणसांच्या जागांसाठी मागणार आहोत. आणि कल्याण-डोंबिवलीत भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांना तुमचं नाव पहिल्याच वर्षी सांगणार आहोत.

कल्याणहून,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक