ढेकूळ, भादली आणि नेट रनरेट

बुलडाणा जिल्ह्यात एप्रिल-मे हा भाकितांचा हंगाम. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडला जातो, आणि त्याच सुमारास आयपीएलच्या गुणतक्त्यात तळाशी बसलेल्या संघांचे चाहते मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडतात. मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे दोन्ही शास्त्रांचं जुनं गिऱ्हाईक. सकाळी भेंडवळचं भाकीत व्हॉट्सअॅपवर येऊन पडतं तेव्हा चहाच्या टपरीवर सरकी कधी टोबायची यावर खल होतो. संध्याकाळी त्याच बाकावर, त्याच तोंडांनी, चेन्नईने किती धावांनी हरायला हवं यावर.

घटाचा मामला सरळ आहे. वर्तुळात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे जून ते सप्टेंबर. त्यांवर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. शिवाय विडा-सुपारी, तो राजा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ महाराजांच्या घराण्यातले वारस येऊन कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा जागेवरून हलला ते पाहतात आणि सांगून मोकळे होतात. भादली या धान्यावरून रोगराई कळते, विडा जागचा हलला नाही तर राजा गादीवर. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही पद्धत सुरू केली आणि ती तीनशेहून अधिक वर्षं चालत आली, असं सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले याला कसलाही शास्त्रीय आधार नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण एक गोष्ट भेंडवळच्या बाजूने नोंदवायला हवी: तिथे भाकीत वर्षातून एकदाच होतं. जुलैत पाऊस दडी मारून बसला म्हणून कुणी नवा घट मांडत नाही.

टपरीवरच्या क्रिकेटज्ञांवर असलं कोणतंही बंधन नाही. त्यांचा घट रोज रात्री साडेअकराला मोडतो आणि सकाळी सातला पुन्हा मांडला जातो. दहा संघांतले पहिले चार बाद फेरीत जातात, पहिला दुसऱ्याशी आणि तिसरा चौथ्याशी भिडतो. एवढ्या साध्या नियमातून कोण कुणासमोर येणार याचं भाकीत ते मार्चअखेरीपासून करू लागतात. "मुंबई-चेन्नई फायनल, लिहून घे भौ!" 2024 मध्ये ज्यांनी हे लिहून घेतलं असेल त्यांची वही बघण्यासारखी असणार. त्या साली मुंबई दहावी आली. म्हणजे शेवटची.

आणि बंगळुरू? पहिल्या आठ सामन्यांत सात पराभव. टपरीने त्यांचं तेरावंही घातलं होतं. मग त्यांनी ओळीने पाच सामने जिंकले आणि 18 मेच्या रात्री चेन्नईसमोर असं गणित उभं राहिलं, की जिंकायला 219 धावा हव्या, पण पात्र व्हायला 201 पुरतात. हरूनही पुढे जाता येईल अशी सोय असलेला सामना! शेवटच्या षटकात पात्रतेसाठी 17 हव्या होत्या. यश दयालच्या पहिल्या चेंडूवर धोनीने षटकार मारला, चेंडू मैदानाबाहेर. दुसऱ्या चेंडूवर धोनी झेलबाद. चेन्नई 191 वर थांबली आणि बंगळुरू चौथ्या जागी गेलं. चार संघांचे गुण सारखेच, 14; निवाडा केला नेट रनरेटने. रात्री बारा वाजता धामणगावात फटाके वाजले ते नेमके कुणाचे, हे सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की सकाळी टपरीवर प्रत्येकाने ते आधीच सांगितलेलं होतं. "मी म्हणलो होतो नं?"

या विद्वानांना उगाच गावंढळ समजू नये. अमेरिकेत हाच धंदा पगारी आहे. तिकडच्या कॉलेज फुटबॉलमध्ये हंगाम संपला की 'बाऊल' नावाचे चाळीसेक सामने होतात. बारापैकी सहा सामने जिंकलेला संघ पात्र. संघ कमी पडले तर पाच जिंकलेल्यांतून अभ्यासात बरे असलेले उचलतात, हे आपल्या ग्रेस मार्कांच्या फार जवळचं. एक बाऊल बटाट्याच्या नावाचा आहे, एक मेयोनीजचा. त्यात जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर मेयोनीज ओततात. कोणता संघ कोणत्या बाऊलमध्ये कुणाशी खेळणार याची भाकितं तिकडचे तज्ज्ञ हंगामाआधीपासून छापतात आणि दर आठवड्याला बदलतात. मोठ्या किताबाची फेरी मात्र तेरा जणांच्या समितीच्या हातात असते. डिसेंबर 2023 मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला या समितीने पहिल्या चारांतून वगळलं, कारण त्यांचा मुख्य खेळाडू जायबंदी होता. खूप ओरड झाली. महिना संपायच्या आत ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने त्यांना 63-3 असं धुतलं आणि दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकाच वेळी बरोबर ठरले. असलं यश भेंडवळच्या वाट्यालाही क्वचितच येत असेल. 2025 मध्ये नोट्र डेमला वगळलं, तर त्यांनी बाऊलच नको म्हणून सांगितलं. मानपानावरून रुसलेले व्याही मांडवातून उठतात त्या थाटात.

इकडे टपरीवरच्या एवढ्या सगळ्या अभ्यासात एक संघ मात्र कुणाच्याच घटात नव्हता. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली, कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. 2025 मध्ये उपांत्य फेरीत मुंबईला 80 धावांनी नमवलं, मग नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा. आपल्याच विभागाचा संघ तीनदा देशात पहिला आला, तेव्हा टपरीवर आयपीएलच्या लिलावाची भाकितं चालू होती. आता विचारलं, तर विदर्भाचं त्यांनी 2017 च्या दिवाळीतच सांगितलेलं असतं, आणि ते ऐकलेला साक्षीदार नेमका त्या दिवशी मलकापूरला गेलेला असतो.