मारामारी पसंत करण्याचा कार्यक्रम

बऱ्हाणपूरला लढायांचा इतिहास मोठा, पण लढायला शिकवणारे क्लास मोजकेच. अकबरापासून मराठ्यांपर्यंत ज्याला लढायचं होतं तो आपापली फौज घेऊन आला, काम उरकलं आणि निघून गेला. मागे थांबून शिकवणी कोणी काढली नाही. त्यामुळे माझ्या भाचीला स्वसंरक्षणासाठी काहीतरी शिकवायचं ठरलं, तेव्हा ताईच्या घरी बसलेल्या बैठकीला स्थळं पाहण्याच्या बैठकीचं स्वरूप आलं. प्रत्येकाच्या खिशात एकेक स्थळ. कोणाचं जपानचं, कोणाचं कोरियाचं, कोणाचं थेट इस्रायलचं. गावातलं कोणाच्याच नजरेत भरत नव्हतं.

निमित्त असं, की लालबागेतला क्लास सुटल्यावर भाची स्कूटीवरून शनवाऱ्याकडे येते, आणि एक मोटारसायकल तिच्या मागेमागे यायला लागली होती. ताईचं म्हणणं, क्लास बंद कर. भाचीचं म्हणणं, "मी क्लास कशाला बंद करू? त्याची मोटारसायकल बंद करा." मुद्दा बिनतोड असल्याने ताई गप्प झाली आणि सूत्रं पुरुषमंडळींच्या हातात आली. त्यानंतर निर्णय व्हायला वेळ लागला, हे सांगायला नकोच.

दाजी वकील. त्यांनी सुरुवातच कायद्याने केली. आयुष्यभर त्यांनी दंडविधानाची 96 ते 106 ही कलमं तोंडपाठ ठेवली होती. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीच कलमं 34 ते 44 झाली. तेव्हापासून दाजी आधी जुना आकडा सांगतात, मग सुस्कारा सोडतात, मग नवा सांगतात. "नव्याण्णव, म्हणजे आताचं सदतीस," ते म्हणाले, "गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांकडे दाद मागायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही."

"म्हणजे त्याने हात धरला की मी आधी ठाण्याचं अंतर मोजायचं?" भाचीने विचारलं.

"तू नको मोजू. उलटतपासणीत मोजतील."

माझी आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने तिखटाची पुडी सुचवली. तापीच्या पुलावर वारा कुठल्या बाजूने वाहतो हे भाचीने तिला समजावून सांगितल्यावर पुडीचा विचार बारगळला.

दाजींची पसंती कराटेला. त्याचं कारण 1973 चा 'एंटर द ड्रॅगन', जो त्यांनी कॉलेजात असताना पाहिला होता. ब्रूस लीचा कराटेशी तसा संबंध नव्हता, पण दाजींच्या लेखी पूर्वेकडून येतं ते सगळं कराटेच. कराटे मूळचं ओकिनावा बेटावरचं. फुनाकोशी गुरुजींनी 1922 मध्ये टोकियोत त्याचं प्रात्यक्षिक केलं आणि ते जपानभर पसरलं. त्यात 'काता' नावाचा प्रकार असतो. ठरलेल्या क्रमाने ठोसे, लाथा, अडवणूक; समोर कोणी नाही. पाहायला फार देखणं. आमच्या शेजारचा मुलगा गच्चीवर रोज संध्याकाळी करतो आणि त्याने आजवर हवेतले असंख्य गुंड लोळवले आहेत. हवेतल्या गुंडाचा मोठा गुण असा, की तो उलटून मारत नाही आणि वेणी ओढत नाही.

मग आलं तायक्वांदो. सन 2000 च्या सिडनीपासून ते ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे, त्यामुळे घराणं चांगलं. सगळी भिस्त उंच लाथेवर. पण उंच लाथ मारायची म्हणजे तेवढा वेळ एका पायावर उभं राहायचं, आणि आमच्या बोळात पावसाळ्यात दोन पायांवर उभं राहणाऱ्याचंही लोक कौतुक करतात.

माझं स्थळ क्राव मागा. ईमी लिक्टेनफेल्ड नावाच्या गृहस्थाने 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यावर ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी झुंजता झुंजता त्याची मुळं रोवली, आणि पुढे इस्रायलच्या लष्करात ते शिकवलं. कागदावर याहून रस्त्याला साजेसं स्थळ मिळणं कठीण. मात्र आपल्याकडे ते येतं ते शनिवार-रविवारच्या शिबिराच्या रूपात, प्रमाणपत्र आणि टीशर्टसकट. असं एक शिबिर मी दुसऱ्या गावी जाऊन पाहिलं. शिक्षक रबरी सुरी घेऊन सावकाश पुढे यायचा, सुरी त्याच जागी धरून थांबायचा, शिकणारी बाई त्याचा हात पिरगळायची आणि तो अतिशय सहकार्याने पडायचा. इतका सुसंस्कृत हल्लेखोर बऱ्हाणपुरात मिळायचा नाही.

राहिलं ब्राझीलचं जिउ-जित्सू. 1993 मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली आणि रॉईस ग्रेसी या सडपातळ माणसाने दांडग्यांना जमिनीवर घेऊन एकेकाला शरण आणलं. तेव्हापासून जगभर त्याची कीर्ती. विद्या अस्सल आहे, यात वाद नाही. पण तिथे समोर एकच जण होता आणि खाली गादी होती. आपल्या बोळात खाली काय असतं हे मी इथे लिहीत नाही. शिवाय मोटारसायकलवर बहुधा दोघे असतात. एकाला आपण खाली आवळून धरलं की दुसरा काय आपले गुण मोजत बसणार?

इतकी स्थळं नाकारल्यावर आई लसणावरून मान वर न करता म्हणाली, "तालमीत विचारा की."

तालीम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अंतर इतकं कमी की कोणाला सुचलं नव्हतं. उस्तादांचं वय सत्तरीच्या पुढचं, दोन्ही कान मोडून गोळा झालेले. पहिलवानाच्या कानावरून त्याने किती वर्षं समोरच्याच्या छातीवर डोकं रगडलं ते कळतं; प्रमाणपत्र लागत नाही. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या लाल मातीचा वास दारापर्यंत आला होता. दाजींनी प्रास्ताविक केलं. उस्तादांनी ते ऐकून घेतलं आणि भाचीला म्हणाले, "हाथ दे, बेटी."

त्यांनी तिचं मनगट धरलं. ती जोर लावून हात मागे ओढायला लागली. माणूस हेच करतो. हात जागचा हलेना. "चार उंगलियों से मत लड़," उस्ताद म्हणाले, "अंगूठे से लड़." मग त्यांनी दाखवलं. बोटांची टोकं आणि अंगठा जिथे भेटतात तिथे पकडीत फट असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर पुढे घालायचं आणि सगळं अंग वळवून निघायचं. दुसऱ्या खेपेला हात सुटला नाही, कारण त्यांनी पकड बदलली. पुढच्या खेपेला ढकललं. मग अर्ध्यातच दुसरा हात धरला. भाची घामाघूम झाली आणि एकदा खरोखरच सुटली. मग मीही हात पुढे केला. माझं मनगट दाजींना सोडवावं लागलं.

इतक्या दिवसांच्या चर्चेत जे कोणाला सुचलं नाही ते त्या काही मिनिटांत दिसलं. रबरी सुरीवाला पडायला तयार होता. उस्ताद तयार नव्हते. कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूडो यांची जमेची बाजू हीच. समोरचा रोज मनापासून तुमचा डाव फसवायला बघतो, त्यामुळे तुमचं खरं काय आणि लुटुपुटीचं काय ते आठवड्याभरात उघडं पडतं. लाथ जपानी की ठोसा इस्रायली, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरं, पडणं. उस्तादांनी पहिले कित्येक दिवस तिला नुसतं पाडलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात बाहेर टेकवायचा नाही. रस्त्यावरच्या हाणामारीत ठोशापेक्षा डोकं फरशीवर आपटून माणूस जातो. ज्यूडोतही पहिला धडा हाच. कानो गुरुजींनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्यूडोची शाळा काढली. 1929 मध्ये रवींद्रनाथांनी कानोंचे शिष्य ताकागाकी यांना शांतिनिकेतनात आणवलं. अमर्त्य सेनांच्या आई अमिता सेन शांतिनिकेतनातच ज्यूडो शिकल्या. हे मी ताईला मुद्दाम सांगितलं, कारण तिची काळजी वेगळी होती. कुस्ती शिकलेल्या मुलीचं लग्न कसं व्हायचं? त्यावर पहिलवान हमीदा बानूंचं उदाहरण उपयोगी पडलं नाही. 'मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन' असं जाहीर करून त्यांनी 1954 मध्ये बडोद्याला बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केलं होतं. ताई म्हणाली, "बघ, म्हणजे नाहीच झालं ना!"

मातीत मुलींना उतरू न देण्याची रीत त्या तालमीतही आहे. सांगलीला 2023 मध्ये महिला महाराष्ट्र केसरी होऊन प्रतीक्षा बागडीने गदा नेली, पण ती बातमी आमच्याकडच्या मातीत अजून मुरलेली नाही. उस्तादांनी भांडण न करता घरच्या अंगणात गादी टाकली.

आणि भर रस्त्यात काय करायचं, हे विचारल्यावर त्यांनी कुठलाच डाव सांगितला नाही. फोन मागितला तर देऊन टाक, वाट असेल तर पळ, नसेल तर ओरड, आणि धरलंच तर अंगठा. दाजींना हे कमीपणाचं वाटलं. मला यात बऱ्हाणपूरचाच इतिहास दिसला. इथून विसेक किलोमीटरवरचा असीरगड तलवारीने पडला नाही. 1601 मध्ये तो अकबराला मिळाला, आणि दरवाजा सोन्याच्या चावीने उघडला असं लोक अजून सांगतात. मराठे 1681 मध्ये तटाबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर आले तेव्हा नायब सुभेदार काकरखानाने शहराचे दरवाजे लावून घेतले आणि आत बसून राहिला. त्याच्यावर कोणी पोवाडा रचला नाही, पण तटाच्या आतलं शहर वाचलं. मराठेही तीन दिवस बहादूरपुरा लुटून, मुघलांच्या खानजहानची फौज पोचायच्या आत, साल्हेरकडे निघून गेले. योग्य वेळी निघून जाणं ही मराठ्यांचीही विद्या आहे, हे म्हटल्यावर दाजींचा विरोध मावळला.

मोटारसायकलवाल्याचा नंबर भाचीने लिहून घेतला, 112 ला कळवलं, आणि तो दिसेनासा झाला. अंगठ्याची वेळ आली नाही.

तरी ती गादीवर जाते. आता आणखी काही मुली यायला लागल्या आहेत. फी नाही, प्रत्येकीने आपली चादर आणायची आणि जाताना गादी झाडून ठेवायची. जागा अजून आहे. आसपासच्या ज्या घरांत मुली असतील त्यांनी जरूर पाठवाव्यात, आणि सोबत येणाऱ्या मामा-काकांनी कृपा करून फाटकाबाहेर बसावं. उस्ताद आता त्यांचं मनगटही धरतात.