सातशे बावन्नचं ॲव्हरेज

अहो वहिनी, या जरा इकडे कुंपणापाशी. ऐकलंत का? समोरचे भाऊजी अन् त्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम, पुन्हा जुंपली नं त्यांची! कशावरून म्हणजे काय, करुण नायरवरूनच. जानेवारी 2025 पासून हेच सुरू आहे बाप्पा...

तेव्हाचं आठवते नं? विजय हजारे ट्रॉफीत विदर्भाचा कॅप्टन तो, अन् भाऊजी दर शतकाला संत्रा बर्फी वाटत सुटलेले. पहिल्या चार मॅचमध्ये 112, 44, 163, 111, अन् एकदाही आउट नाही! भाऊजींनी मॅडमना फाटकातच गाठलं. ‘सांगा बरं, ॲव्हरेज किती?’ मॅडम थंडपणे म्हणाल्या, ‘नाहीच. एकूण रन भागिले किती वेळा आउट, हे ॲव्हरेज. शून्यानं भागता येत नाही.’ अहो, भाऊजींचं तोंड पाहायला पाहिजे होतं तुम्ही! पोरानं 430 रन ठोकले, अन् ही बाई म्हणते ॲव्हरेजच नाही!

पाचव्या मॅचला यूपीनं काढला त्याला, 112 वर. तोवर आउट न होता 542, लिस्ट ए क्रिकेटमधला वर्ल्ड रेकॉर्ड! मग राजस्थानशी नाबाद 122 अन् सेमीफायनलला महाराष्ट्राविरुद्ध 44 बॉलमध्ये नाबाद 88. माझ्या पुण्याच्या नणंदेनं त्या रात्री फोनच उचलला नाही... जाऊ द्या.

तर काय सांगत होते? हां, ॲव्हरेज झालं 752. खुद्द तेंडुलकरनं कौतुक केलं, मग भाऊजी काय जमिनीवर राहतात! मॅडम एवढंच बोलल्या, ‘सात डाव अन् एकच आउट, जरा थांबा.’

फायनल वडोदऱ्याला, 18 जानेवारीला, अन् समोर कर्नाटक, म्हणजे त्याचं माहेरच की हो! 27 वर गेला. आता गंमत बघा, 752 मध्ये 27 मिळवले, 779 झाले, अन् भागिले दोन... 389.5! रन वाढले अन् ॲव्हरेज निम्म्यावर! आपण 36 रननी हरलो ते वेगळंच. त्याच दिवशी मुंबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची टीम निघाली, त्यात याचं नाव नाही. निवड समितीचे आगरकर म्हणाले, कामगिरी खासच आहे, पण जागा कुठे आहे? भाऊजींनी टीव्ही बंद केला तो रात्रभर लावला नाही, असं त्यांच्या घरच्या काकू सांगत होत्या.

पण मॅडम मनाच्या वाईट नाहीत हो. विजेच्या बिलामागे त्यांनी आठही स्कोअर चढत्या क्रमानं मांडले. मधले दोन 111 अन् 112, म्हणून मध्यक 111.5. ‘यात नाबादची काही जादू नाही,’ म्हणाल्या, ‘हा आकडा खरा.’ भाऊजींनी ते बिल जपून ठेवलं आहे. भरलं की नाही, देव जाणे!

मार्चात जामठ्याला रणजीही आलीच. केरळशी फायनल ड्रॉ, पण पहिल्या डावातल्या 37 रनच्या आघाडीवर कप आपला. करुणचे 86 अन् 135. तेव्हा मात्र कोणी ॲव्हरेज विचारलं नाही, सगळे बर्फीवर तुटून पडले.

मग आज कशावरून बिनसलं? अहो, इंग्लंडवरून! विजय हजारेत आठ डावांत दोनदा आउट, तिथल्या टेस्टमध्येही आठच डाव, पण आठही वेळा आउट. 205 रन, ॲव्हरेज 25.62. भाऊजींनी मोठ्या आशेनं मॅडमकडे मध्यक मागितला. तो निघाला 23! म्हणजे आणखीच खाली. असा चेहरा उतरला म्हणून सांगू...

अन् करुण तर कर्नाटकात परतही गेला. तेव्हा वहिनी, संध्याकाळी हळदीकुंकवाला जाल तिकडे, तर काकूंशी काय बोलायचं ते बोला, पण भाऊजींसमोर इंग्लंडचं नाव काढू नका हं.