उघड्यावरचा एसी

एसी चालू असताना दार उघडं राहिलं, की मराठी घरात एकच प्रश्न गरजतो : "बिल काय तुझा सासरा भरणार?" कतारमधल्या दोह्यात हा प्रश्न विचारायची सोय नाही. तिथे एसी बसवलाय तोच मुळी दाराबाहेर. कतारा भागात एक अख्खी बाजारपेठ आहे, वर मोकळं आभाळ आणि पायाखालच्या जाळ्यांतून गार हवा. उम्म अल सनीमच्या बागेत तर किलोमीटरभराहून लांब वातानुकूलित जॉगिंग ट्रॅक आहे. सासऱ्याकडे गॅस आहे, तेव्हा बिलाची चिंता नाही.

यातलं शास्त्र खोटं नाही. गार हवा जड असते, खोलगट जागेत ती तळाशी साचून राहते. खलिफा स्टेडियम याच तत्त्वावर थंड केलं. पण एसी थंडी निर्माण करत नाही, इथली उष्णता उचलून पलीकडे टाकतो. वर ती टाकायला लागलेली वीजही उष्णता होऊनच बाहेर पडते. ज्यानं खुर्ची पकडली तो गार, आणि जो भिंतीपलीकडच्या फुटपाथवर चालतोय, तो या सोहळ्याचा बिनपगारी यजमान.

याचं जाहीर प्रात्यक्षिक दोह्यातच, २०१९ च्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत झालं. स्टेडियम थंडगार. पण मॅरेथॉन स्टेडियमात धावता येत नाही, ही आयोजकांची मोठीच गैरसोय. म्हणून महिलांची शर्यत २७ सप्टेंबरला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी समुद्रकाठच्या रस्त्यावर सोडली. सूर्याला हुलकावणी दिली, दमटपणाला कोण देणार? वाळवंट म्हणजे कोरडी हवा, असं आपण भूगोलात घोकलं. रत्नागिरीहून आखातात नोकरीला गेलेल्या कुणालाही विचारा, सप्टेंबरात तिथे घाम येतो आणि अंगावरच मुक्काम करतो. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, मग मध्यरात्र असो की मध्यान्ह. ६८ जणी धावल्या, २८ जणींनी शर्यत सोडली. केनियाची रुथ चेपनगेटिच जिंकली, २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत. त्याच वर्षी जानेवारीत दुबईला तिनं तेच अंतर २ तास १७ मिनिटांत कापलं होतं. बाई तीच, वाळवंटही शेजारचंच. तीन वर्षांनी इथेच आलेला फुटबॉलचा विश्वचषक मात्र आधीच नोव्हेंबर-डिसेंबरात ढकललेला होता. कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा कॅलेंडर बरं, हे फुटबॉलवाल्यांना वेळेत कळलं होतं.

निळा रस्ता हा दुसरा उपाय. २०१९ मध्येच दोह्यातल्या सूक वाकिफ बाजाराजवळच्या एका रस्त्याला ऊन परतवणारा निळा थर दिला. डांबर कमी तापतं, हे खरंच. पण परतवलेलं ऊन जातं कुठे? अमेरिकेतल्या फीनिक्सनं असेच फिकट रस्ते केले, तेव्हा मोजणाऱ्यांना दिसलं की रस्ता थंड झालाय आणि भरदुपारी त्यावर उभ्या माणसाला उलट जास्त ऊन लागतंय. रस्त्याची सोय झाली. माणसानं गाडीत बसावं.

उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी मात्र कतारमध्ये कायदा आहे, आणि तो चांगला आहे, हे तिरकसपणा बाजूला ठेवून सांगतो. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर कामाला बंदी. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांपलीकडे गेला, की घड्याळात काहीही वाजलेलं असो, काम थांबलं पाहिजे. म्हणजे सरकारला पक्कं ठाऊक आहे की नुसत्या पाऱ्यावर भागत नाही. हे शहाणपण मजुराच्या कायद्यात आलं, शहराच्या नकाशात यायला वेळ लागतोय. रुंद रस्ते, काचेचे मनोरे, आणि सावली म्हणाल तर शोभेच्या खजुराची, जी त्या खजुरालाच पुरत नाही.

वास्तविक उपाय आखातातल्या जुन्या वस्त्यांत होताच. अंगाला अंग लावून बांधलेली घरं, जाड भिंती, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, दुपारभर एका भिंतीची सावली दुसरीवर. तेलाचा पैसा आला आणि अशा गल्ल्या मागासलेल्या ठरल्या, पाडल्या गेल्या. आता दोह्याच्या मध्यभागी मशेरेब नावाची नवी वस्ती उभी केली आहे. इमारती जवळजवळ, गल्ल्या अरुंद, वाऱ्याचा रोख पाहून रस्ते, चौकावर सरकतं छप्पर. जगभरचे वास्तुविशारद बघायला जातात आणि 'नावीन्यपूर्ण' म्हणतात.

वस्ती खरंच छान आहे. तिच्या तळघरात हजारो गाड्या मावतात, कारण सावलीतून चालायला लोक गाडीनंच येतात.